निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची

माझ्या घराच्या मागील पडवीत उत्तरेकडच्या खिडकीखाली एक शिसवी मेज आहे आणि त्या मेजाच्या डाव्या खणात लाल कापडी बांधणीची एक जाड वही आहे. कचेरीच्या आवक-जावक नोंदवहीला असतात तसे रकाने तिच्यात मी स्वतः पट्टीने आखून घेतले आहेत: अनुक्रमांक, तारीख, जिन्नस, जिन्नस हाती आला त्या वेळची त्याची स्थिती, मूळ कोणाचा, आणणाऱ्याचे नाते, परत केल्याची तारीख, घेणाऱ्याची सही आणि शेरा. वही कोठेही उघडली तरी अशा नोंदी दिसतील: ‘जोडवे एक, उजव्या पायाचे, आतील अंगास झिजून पातळ झालेले.’ ‘जावळ, लाल दोऱ्याने बांधलेले, दीड इंच.’ ‘दुधाचा दात, खालच्या हिरडीचा, एका बाजूस किडलेला.’ ‘पोस्टकार्ड एक, शाई पुसट, शेवटच्या ओळीतील आशीर्वादाची अक्षरे तेवढी घ्यावयाची.’ गेली काही वर्षे मी घरी बसून चांदीचे दागिने घडवीत आहे. आणि तेही सराफकट्ट्यावर मिळतात तसे नव्हेत, तर गेलेल्या माणसाची, मोठ्या झालेल्या लेकराची किंवा विखुरलेल्या घराची काही खूण ज्यात उतरवावयाची असते तेवढेच. या कामाला हत्यारे पुष्कळ लागतात, परंतु त्या सर्वांत पहिला मान मी या वहीला देते, कारण चांदी बिघडली तर दुसरी आणता येते आणि वहीत नोंदलेला जिन्नस मात्र साऱ्या जगात एकच असतो.

महसूल खात्यात एकतीस वर्षे चाकरी करून 2015 साली मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांतील बराच काळ अभिलेखकक्षात, म्हणजे आमचे जुने लोक ज्याला दप्तरखाना म्हणत त्या खोलीत, कापडी रुमालांत बांधलेल्या कागदांच्या सहवासात गेला आणि तेथेच मोडी वाचण्याची सवय लागली. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच दिवाळीत आजेसासूबाईंच्या पुतळ्यांच्या माळेतील निखळलेली कडी जोडून घेण्यासाठी मी कोल्हापूरच्या गुजरीत एका वृद्ध कारागिराकडे गेले होते. सारी आळी त्यांना आप्पा म्हणे. पाऊण तासात त्यांनी ती कडी जोडली, आणि तो पाऊण तास मी त्यांच्या हातांवरून दृष्टी काढू शकले नाही. हे काम मला शिकवाल का, असे विचारले तेव्हा ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “बाई, डोळं चांगलं असतील तर या. हात मागनं येतोय.” त्यानंतर दोन वर्षे मी रोज दुपारी त्यांच्या पेढीच्या मागील अंधाऱ्या खोलीत जाऊन बसत होते.

आप्पांचे घराणे मूळचे सोन्याच्या कामाचे. 1963 च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रणाचे नियम आले, 14 कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचा नवा दागिना घडविण्यास मनाई झाली आणि पिढ्यान्‌पिढ्या 22 कॅरटच्या सोन्यावर बसलेले हात एका हुकुमाने रिकामे झाले. चांदीला ते नियम लागू नव्हते, म्हणून त्यांचे वडील बिऱ्हाड घेऊन हातकणंगले तालुक्यातील हुपरी गावी गेले आणि पैंजणांच्या कड्या जोडण्याच्या कामास लागले. हुपरीत चांदीचे काम घरोघर चालते. एका घरी तार ओढली जाते, दुसऱ्या घरी कड्या पडतात, तिसऱ्या घरी सोप्यात बसलेल्या बाया घुंगरू जोडतात. आप्पा त्या वेळी आठ वर्षांचे होते. सोन्यावरील नियंत्रण पुढे 1990 पर्यंत चालले. तोपर्यंत आप्पांचा हात चांदीवर इतका बसला होता की ते पुन्हा सोन्याकडे वळलेच नाहीत. घरात बसून धातूचे काम करणे ही काही कमी प्रतीची गोष्ट आहे असे मला कधी वाटले नाही, याचे कारण मला ती विद्या अशा घरातून मिळाली.

पहिले सहा महिने आप्पांनी मला आगीचे काम करू दिले नाही. पत्रा कापणे, कानशीने कडा साफ करणे, जंत्रीच्या एकाहून एक लहान भोकांतून तार ओढून ती बारीक करणे, ओढताना ताठरलेल्या तारेला पुन्हा ताव देऊन नरम करणे, एवढेच. ताव देताना खोलीतला उजेड कमी करावा लागतो, कारण चांदीवर येणारी मंद लाली लख्ख प्रकाशात दिसत नाही आणि ती दिसली नाही तर पुढच्या काही क्षणांत पत्रा आपल्या डोळ्यांदेखत आक्रसून गोळा होतो. पुढे सांधणे आले. सवागी सहाणेवर पाण्यात उगाळावी, तिचे दाट गंध सांध्याला लावावे, त्यावर तांदळाच्या कणीएवढे डाखाचे तुकडे मांडावेत आणि मग ज्योत सांध्यावर न धरता भोवताली फिरवीत न्यावी. डाख नेहमी अधिक तापलेल्या बाजूकडे धावतो, म्हणून दोन्ही बाजू सारख्या तापल्या तरच तो सांध्यात उतरतो, नाहीतर एकाच अंगावर पसरून बसतो. ज्या क्षणी तो उतरतो त्या क्षणी सांध्यातून एक चकचकीत रेघ पळत गेलेली दिसते. ती रेघ मी आता हजारो वेळा पाहिली असेल. तरीही ती दिसली की माझा श्वास थांबतो. त्यानंतर दागिना चिंचेच्या पाण्यात उकळावयाचा, रिठ्याच्या फेसाने घासावयाचा, आणि मेजाखाली अंथरलेल्या कागदावर पडलेला कीस जपून डबीत भरावयाचा. सोनाराच्या घरची राख आणि केर धुऊन त्यातून कण वेचणारे झारेकरी पूर्वी गावोगाव असत. आता माझी झारेकरीण मीच आहे.

हे आठवणीचे दागिने म्हणजे परदेशातून आलेली नवी हौस आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. व्हिक्टोरिया राणीने पती 1861 साली निवर्तल्यावर त्याच्या आठवणीचे दागिने आयुष्यभर वापरले आणि तिकडे मृताच्या केसांचे दागिने करण्याची रीत बोकाळली, हे खरे. पण म्हणून त्यांचा उगम तेथे शोधण्याची गरज नाही. आमच्याकडे बाळाची गळून पडलेली नाळ चांदीच्या ताइतात घालून ती त्याच्याच गळ्यात बांधीत असत. देव्हाऱ्यात कुलदेवतेच्या शेजारी घरातल्या पितरांचे टाक असत, आणि दर सणावाराला ते घासून त्यांना गंधफूल वाहिले जाई. पहिली बायको निवर्तल्यावर दुसरेपणावर आलेल्या स्त्रीने पहिलीचा टाक गळ्यात बाळगण्याची चाल तर अनेक घरांत होती. ज्या बाईला तिने कधी पाहिले नाही तिची चांदीची आकृती छातीशी धरून ती त्या घरात वावरे. चालीमागे भय होते हे मी जाणते. तरीही मला त्यात एका गेलेल्या स्त्रीचा घरावरील हक्क मान्य केल्यासारखे वाटत आले आहे, आणि माझ्या मेजावरील कोणत्याही पदकात तितका अर्थ मी अजून भरू शकलेली नाही.

पंढरपूरच्या नरहरी सोनारांची कथा आप्पा फार वेळा सांगत. विठ्ठलासाठी करगोटा घडविण्याचे काम आले. शिवावाचून दुसऱ्या देवाचे दर्शन घ्यावयाचे नाही असा नेम, म्हणून त्यांनी दुसऱ्याकडून माप आणवले. करगोटा एकदा आखूड झाला, एकदा सैल झाला. शेवटी डोळ्यांस पट्टी बांधून ते स्वतः राउळात गेले. भाविक या कथेतून हरिहरांचे ऐक्य घेतात आणि ते योग्यच आहे. आप्पा मात्र तीतून कारागिराचा धडा काढीत: “माप दुसऱ्याच्या हातनं घेतलं की चुकतंय.” या वाक्याची किंमत मला पुढे मोजावी लागली. ती हकीकत येईलच.

त्याआधी दोन चुका सांगितल्या पाहिजेत, कारण ज्यांनी विश्वासाने जिन्नस सोपवले त्यांच्याशी प्रामाणिक राहावयाचे तर त्या झाकून ठेवता येणार नाहीत.

स्वतंत्रपणे काम सुरू केले त्या पहिल्या वर्षी एक आजी नातवाचे जावळ घेऊन आल्या. त्यांना ते छोट्या पेटीसारख्या पदकात ठेवून हवे होते. मी पदक घडविले, आत जावळाची बारीक वेणी ठेवली, वर झाकण बसविले, आणि झाकणाच्या वरच्या कडीचा सांधा थोडा उघडा राहिल्याचे ध्यानात आल्यावर, सांधा जावळापासून बोटभर दूर आहे, एवढ्याशा आचेने काय होणार, असा विचार करून त्यावर ज्योत धरली. चांदी ही सर्व धातूंत उष्णता सर्वाधिक वेगाने वाहून नेणारी आहे, हे मला पाठ होते. डाख वितळावयास 700 अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती कडीपाशी पोहोचेपर्यंत सारे पदक निखाऱ्यासारखे झाले होते. केस जळाल्याचा वास पडवीभर पसरला. त्या वासाने मला जे झाले ते आज लिहितानाही होते. आजींना मी त्याच संध्याकाळी घरी जाऊन सर्व सांगितले. त्यांनी जावळाचा अर्धा भाग मागे ठेवला होता. “सगळं कुणाला द्यायचं नसतं,” एवढेच त्या म्हणाल्या आणि उरलेल्यातील थोडे त्यांनी पुन्हा माझ्या हातावर ठेवले. तेव्हापासून आगीचे सर्व काम संपून, दागिना धुऊन, पुसून, रात्रभर कोरडा झाल्यावाचून जिन्नस त्याच्याजवळ नेत नाही. आणि वर काच ठेवून चांदीचा पातळ काठ घोटणीने तिच्यावर दाबीत आणते, ज्याला कोंदणासारखे बसविणे म्हणता येईल. अर्धा मागे ठेवता येतो असा कोणताही जिन्नस आता कोणाकडूनही संपूर्ण घेत नाही. अर्धा घरी ठेवा, असे मीच सांगते.

दुसरी चूक बाहेरून चूक दिसलीच नाही. दोन बहिणी आईची जोडव्यांची जोडी घेऊन आल्या. आटवून दोघींना एकेक पदक करून द्या, म्हणजे आई दोघींकडे सारखी राहील, ही त्यांची इच्छा. मागणी रास्त होती आणि आपल्या समाजात ती वहिवाटही आहे. आजीच्या पाटल्या मोडून नातीच्या बांगड्या होतात, त्या मोडून तिच्या मुलीचा हार होतो. मी मूस तापविली, जोडवी तीत सोडली. चौदा ग्रॅमची जोडी; जुना डाख आणि साचलेला मळ जाऊन पाऊण ग्रॅमची तूट आली, तीही मी वहीत मांडली. लगड पाडली, पत्रा केला, पदके झाली, बहिणी समाधानाने घेऊन गेल्या. मी मात्र त्या लगडीकडे पाहिले तेव्हापासून अस्वस्थ होते. चाळीस वर्षे जमिनीवर चालून जोडव्यांचे आतले अंग झिजले होते, एका जोडव्याचा काठ कशाला तरी अडकून वाकला होता आणि तो कोणीतरी दातांनी किंवा दगडाने सरळ केल्याच्या खुणा होत्या. मुशीतून बाहेर पडलेली चांदी स्वच्छ होती, गुळगुळीत होती आणि ती कोणाचीही असू शकली असती. भाषेने दागिना मोडणे हा शब्द किती अचूक ठेवला आहे, हे मला त्या दिवशी उमगले. आता मी जुना जिन्नस आटवीत नाही. जोडव्याचा झिजलेला भाग करवतीच्या तारेने कापून तो जसाच्या तसा नव्या चांदीत बसवून देते. ज्यांना आटणीच हवी असते त्यांना गुजरीत चांगल्या माणसाकडे पाठविते.

आणखीही काही कामे मी स्वीकारीत नाही. आईचे दूध राळेसारख्या द्रवात गोठवून त्याचे खडे करण्याची मागणी तरुण मुली अलीकडे करतात. मी दोनदा करून पाहिले, वर्षभरात दोन्ही खडे पिवळे पडले, आणि पिवळे पडणारी वस्तू ठेव म्हणून हाती देणे मला प्रशस्त वाटत नाही. अस्थींचे पदकही मी करीत नाही. त्या पाण्याच्या आहेत असे मी मानते, आणि इतरांनी तसे मानलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही. घडणावळ मी तासांवर घेते, वजनावर नाही. चांदीचा भाव किलोला लाखाच्या पलीकडे गेल्यापासून लोक आधी वजन विचारतात; त्यांना मी पत्र्याचे वजन काट्यावर दाखविते आणि उरलेला कीस कागदात बांधून परत करते.

आता त्या अंगठ्याविषयी.

शिरोळ तालुक्यातील एका गावाहून पंचेचाळिशीतील एक बाई आली. हातात एक पारदर्शक पिशवी, तीत घडी केलेला झेरॉक्सचा कागद. ती बसली आणि पाणीही न घेता म्हणाली, “मावशी, माझ्या आईचा फोटू न्हाई. एक भिंतीवर हुता, एक मतदानाच्या कार्डावर. एकोणीसच्या पुरात दोन्ही गेलं. घरात छातीइतकं पाणी हुतं.” 2019 च्या ऑगस्टमधील त्या पुरात शिरोळची गावेच्या गावे आठवडाभर पाण्याखाली होती, हे मला माहीत होते. “आई लिहित न्हवती. तिचं म्हणून काय ऱ्हायलंय म्हटलं तर ह्यो अंगठा. ह्येच्यावरनं काय हुईल का?”

कागद उघडला तर ते हक्कसोडपत्र होते, 1988 सालचे. वडिलांच्या स्वकष्टाच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा 1956 च्या कायद्याने दिला आहे. तथापि माहेर तुटू नये म्हणून बहिणींनी आपला हिस्सा भावांच्या नावे सोडून द्यावयाचा, ही रीत आमच्या भागात अद्याप जिवंत आहे. चाकरीच्या काळात असे शेकडो दस्त माझ्या हाताखालून गेले. ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’ हे शब्द आणि त्यांच्या शेजारचा जांभळा ठिपका मी इतक्या वेळा पाहिला होता की त्याकडे ठिपका म्हणूनच पाहावयाची सवय झाली होती. जुन्या मोडी कागदांत निरक्षर माणसाच्या नावापुढे त्याची निशाणी काढलेली असते. कुणब्याची नांगर, बाईची बांगडी. नांगर कोणत्याही कुणब्याचा असू शकतो आणि बांगडी कोणत्याही बाईची. अंगठ्याचे तसे नाही. 1858 साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या माणसाच्या करारनाम्यावर त्याच्या हाताचा ठसा घेतला आणि 1897 मध्ये कलकत्त्यास बोटांच्या ठशांचे दप्तर सुरू झाले, तेव्हापासून सरकारने अंगठ्याचा उपयोग माणूस नाकबूल होऊ नये म्हणून केला. आणि ही लेक तोच अंगठा, आई होती एवढे कबूल करून घेण्यासाठी घेऊन आली होती. आईने आपला हक्क ज्याने सोडला त्या अंगठ्यावाचून तिच्याजवळ आईचे दुसरे काही नव्हते.

झेरॉक्समध्ये अंगठ्याचा नुसता काळा डाग उठला होता, म्हणून मी मूळ दस्त मागितला. तो मामेभावाच्या ताब्यात. आठ दिवसांनी तो स्वतः दस्त घेऊन तिच्याबरोबर आला. खुर्चीच्या काठावर बसून, पिशवी मांडीवरून न हलवता तो म्हणाला, “कागद हितंच बघा. माझ्यासमोर.” त्याच्या मनातील शंका मी ओळखली. दस्त नोंदलेला आहे, फेरफार मंजूर आहे, या पदकाने त्यास कोणताही बाध येत नाही, असे मी त्यास कचेरीच्या भाषेतच सांगितले. आश्चर्य म्हणजे त्या भाषेने त्याचा चेहरा सैल झाला. मग त्यानेच दस्त उलगडून खिडकीपाशी धरला. अंगठा तीन ठिकाणी होता. मी शेजारी पोलादी पट्टी ठेवून तिन्हींची छायाचित्रे घेतली, दस्त आला-गेल्याची नोंद केली, त्याची सही घेतली.

तिन्हींत शेवटच्या पानावरचा ठसा सर्वांत स्पष्ट होता. मध्याशी चक्र, लहान मुलांची बोटे पाहून आज्या शंख-चक्र मोजतात तसे पूर्ण चक्र. उसाच्या रानात आयुष्य गेलेल्या बाईच्या बोटावरील रेषा झिजलेल्या होत्या, कोठे तुटक, कोठे शाई भरून एकमेकींत मिसळलेल्या. मी तो ठसा चौपट मोठा करून पारदर्शक कागदावर भिंगाखाली एकेक रेघ काढावयास बसले. नऊ दिवस गेले. या नऊ दिवसांत मी एक निर्णय केला तो सांगणे अवश्य आहे. बोटावरच्या रेषा कागदावर उमटतात तेव्हा त्या उलट्या उमटतात, आरशातल्यासारख्या. त्या पुन्हा उलटवून चांदीवर उठावाने घेतल्या असत्या तर तो हुबेहूब तिचा अंगठा झाला असता, आणि शाई लावून कागदावर टेकविताच दस्तावरचाच ठसा उमटला असता. चाकरीत असताना मेलेल्या माणसांचे अंगठे जिवंत झालेले मी पाहिले आहेत. मृताच्या अंगठ्याचा शिक्का कोणाच्याही, लेकीच्यासुद्धा, हाती द्यावयाचा नाही, असे मी ठरविले आणि रेषा कागदावर होत्या त्याच दिशेने, चांदीत खोल गेलेल्या घ्यावयाच्या असे योजले.

रेखाटन झाले तेव्हा ते मला सुंदर वाटले. मूळ ठशावर डाव्या बाजूने एक पांढरी तिरपी रेघ गेली होती; दस्ताची घडी त्याच्या जवळूनच जात होती, म्हणून ती घडीची मोड समजून मी तेथल्या रेषा दोन्ही बाजूंनी जुळवून अखंड केल्या होत्या. धातूला हात लावण्यापूर्वी रेखाटन दाखवावयाचे हा माझा नियम. ती आली. बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि मग हळूच म्हणाली, “मावशी, चीर कुठं गेली?”

ऊस तोडताना डाव्या हाताने कांडे धरावयाचे आणि उजव्या हाताने कोयता चालवावयाचा. ती सात वर्षांची असताना कोयता निसटून आईच्या अंगठ्यात शिरला होता. हळद दाबून, चिंधी बांधून आईने त्या दिवशीची तोड पुरी केली होती. “रातचं आमच्या पाठीवरनं हात फिरवायची न्हवं, तवा ती चीर खरखरीत लागायची. अंधारात बी कळायचं आईच हाय म्हणून.”

मी इतर दोन ठशांची छायाचित्रे काढली. घडीपासून कितीतरी दूर असलेल्या त्या दोन्ही ठशांत तीच पांढरी रेघ, त्याच जागी, त्याच तिरपेपणाने गेलेली होती. दप्तरखान्यात इतकी वर्षे मी नवख्या मुलांना सांगत आले होते की एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये, दुसऱ्या नोंदीशी पडताळावा. आणि स्वतः मात्र स्पष्ट होता म्हणून एकाच ठशावर विसंबले होते. आप्पांचे वाक्य आठवले. माप मी माझ्या डोळ्यांनीच घेतले होते, आणि जिने त्या अंगठ्याचा स्पर्श जाणला होता तिला विचारले नव्हते.

रेखाटन मी पुन्हा पहिल्यापासून केले. सतरा रेषा त्या चिरेपाशी तुटत होत्या; त्या सतराही तुटक घेतल्या. मग सव्वा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे लंबगोल पदक कापले, पुढून-मागून मेण आणि डांबर यांचा पातळ थर दिला, रेखाटन मूळ मापात त्यावर उतरविले आणि सुईने रेषेमागून रेषा खरवडून आतली चांदी उघडी केली. पत्रा पालथा करून फेरिक नायट्रेटच्या कोमट द्रावणात टांगला, म्हणजे सुटणारा गाळ खाली पडतो आणि रेषा स्वच्छ खोदल्या जातात. दर दहा मिनिटांनी काढून भिंगातून पाहत होते. थर उतरविल्यावर उकडलेल्या अंड्याचा बलक आणि पदक एका झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवले. बलकातल्या गंधकाने चांदी काळी पडते. सकाळी वरचा काळेपणा पुसून काढला तेव्हा तो खोल रेषांतच राहिला, आणि चीर चांदीच्या रंगाची, पांढरी, आरपार गेलेली दिसू लागली. पदकाचे वजन सात ग्रॅमच्या आसपास भरले.

न्यावयास ती एकटीच आली. पदक तळहातावर घेऊन तिने त्यावर आपला डावा अंगठा टेकविला आणि तसाच ठेवला. रेषा कागदाच्या दिशेने घेतल्या असल्यामुळे, आईने ज्या जागी अंगठा दाबला होता त्याच जागी, त्याच बाजूने, लेकीचा अंगठा बसत होता. हे मी योजले नव्हते. किती वेळ गेला ते मी मोजले नाही. मग तिने पदरात घडणावळीचे पैसे बांधून आणले होते ते मोजून दिले आणि वही पुढे ओढून सही केली. सही वळणदार होती. आईनेच शाळेत घातले होते, असे तिने सांगितले.

ती गेल्यावर मी शेऱ्याचा रकाना भरला: ‘ठशातील तिरपी चीर मूळची आहे. कागदाची घडी नव्हे.’